पहिली छावणी कॅम्प रूझवेल्ट आणि ‘सीसीसी’ची पोरं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉशिंग्टन आणि व्हर्जिनियाच्या परिसरात राहणारी मराठी कुटुंबं ऑक्टोबर उजाडला की शेनँडोआच्या डोंगरात पानगळीचे रंग बघायला जातात. गाडी थांबते, दगडी कठड्यावर पोरांना बसवून फोटो काढले जातात. ते कठडे, ती झाडी, सज्जासारख्या त्या मोकळ्या जागा यांच्यामागे महामंदीत होरपळलेल्या लाखो तरुणांची मेहनत आहे. हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही, म्हणून नेहमी येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत.

सीसीसी म्हणजे नेमकं काय?

सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर. महामंदीत बेकार झालेल्या तरुणांना अमेरिकन सरकारने जंगलात, डोंगरावर, धुपून गेलेल्या शेतजमिनींजवळ छावण्यांत ठेवलं आणि त्यांच्याकडून झाडं लावणं, वणवे विझवणं, माती अडवणं, उद्यानं उभारणं अशी कामं करून घेतली. १९३३ ते १९४२ या नऊ वर्षांत जवळजवळ ३० लाख जण या छावण्यांतून गेले. सुरुवातीला योजनेचं सरकारी नाव ‘इमर्जन्सी कॉन्झर्व्हेशन वर्क’ असं होतं, पण लोकांच्या तोंडी सीसीसीच बसलं आणि १९३७ मध्ये कायद्यानेही तेच नाव घेतलं.

पहिली छावणी कुठली?

कॅम्प रूझवेल्ट. व्हर्जिनियात ल्युरे गावाजवळ, मॅसानटन डोंगराच्या कुशीत, जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात. सुरू झाली १७ एप्रिल १९३३ रोजी. छावणीचा क्रमांक एनएफ-१ (एनएफ म्हणजे राष्ट्रीय वन).

ही तारीख लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ४ मार्चला. २१ मार्चला त्यांनी काँग्रेसकडे, म्हणजे अमेरिकन संसदेकडे, ही कल्पना मांडली, ३१ मार्चला विधेयकावर सही झाली, ७ एप्रिलला पहिल्या तरुणाचं नाव नोंदवलं गेलं आणि त्यानंतर दहा दिवसांत जंगलात तंबू लागले. १ जुलैपर्यंत देशभर सुमारे १,३०० छावण्या झाल्या होत्या आणि पावणेतीन लाख पोरं कामाला लागली होती. सरकारी यंत्रणा मनावर घेतलं तर किती वेगाने हलू शकते याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही.

इतक्या झटपट जमलं कसं?

दोन कारणं. एक म्हणजे रूझवेल्ट यांच्या डोक्यात हे आधीपासून होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या हायड पार्क गावच्या आपल्या जमिनीवर ते स्वतः झाडं लावून घेत, आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना त्यांनी बेकारांना वृक्षलागवडीच्या कामावर लावून पाहिलं होतं.

दुसरं, नवं खातं काढत न बसता असलेल्या चार खात्यांत काम वाटून दिलं. कामगार खात्याने पोरं निवडायची. युद्ध खात्याने त्यांना नेणं-आणणं, कपडे, जेवणखाण, निवारा आणि दवाखाना बघायचा. शेती आणि अंतर्गत व्यवहार या दोन खात्यांनी प्रत्यक्ष काम ठरवायचं आणि करून घ्यायचं. त्यामुळे छावणीत दोन कारभारी असायचे : संध्याकाळपासून सकाळपर्यंत लष्करी अधिकाऱ्याचा अंमल, आणि ट्रक कामावर निघाले की वनखात्याच्या किंवा उद्यानखात्याच्या अधीक्षकाचा. पुढे दुसऱ्या महायुद्धात सरसेनाध्यक्ष झालेले जॉर्ज मार्शल यांनीही काही काळ या छावण्यांचा कारभार पाहिला होता.

सगळ्यांवर संचालक म्हणून नेमले रॉबर्ट फेकनर. हे यंत्रकामगारांच्या संघटनेचे उपाध्यक्ष. दिवसाला एक डॉलर देऊन सरकार मजुरीचा भाव पाडतंय, आणि वर कामगारांना लष्कराच्या हाताखाली देतंय, अशी ओरड कामगार संघटनांनी केली होती. ती शांत करायला कामगार चळवळीतलाच माणूस बसवला गेला.

भरती कोणाची व्हायची?

सुरुवातीला १८ ते २५ वयाचे, अविवाहित, बेकार तरुण, आणि ज्यांचं घर सरकारी मदतीवर चाललंय असे. पुढे वयोमर्यादा सैल झाली. एका वेळची मुदत सहा महिने, ती वाढवून घेता यायची. पहिल्या महायुद्धातले निवृत्त सैनिकही घेतले गेले, त्यांच्या छावण्या वेगळ्या. शिवाय प्रत्येक छावणीत आसपासच्या गावांतले जाणते लाकूडतोडे, गवंडी, सुतार घेतले जात, कारण शहरातून आलेल्या पोरांपैकी बहुतेकांनी कुऱ्हाड कधी हातात धरलेली नसायची. हे स्थानिक जाणते लोक नसते तर निम्मी कामं झालीच नसती.

पगार किती मिळायचा?

महिना ३० डॉलर. त्यातले २५ डॉलर थेट घरी पाठवले जायचे. पोराच्या हातात उरायचे ५ डॉलर.

माझ्या मते सगळी योजना या एका नियमावर उभी होती. १९३३ मध्ये अमेरिकेत दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. वडिलांचं काम गेलेलं, भाडं थकलेलं, धाकटी भावंडं शाळेत. अशा घरात दर महिन्याला २५ डॉलर येऊ लागले की वाण्याची उधारी फिटायची, कोळसा यायचा, बूट यायचे. पोराचं जेवण आणि कपडे छावणीत, म्हणजे घरचं एक खाणारं तोंड कमी आणि वर पैसेही. उरलेल्या पाच डॉलरांत पोरगा छावणीच्या कॅन्टीनमधून तंबाखू, सोडा, गोळ्या-चॉकलेट घ्यायचा आणि शनिवारी ट्रकमधून गावात जाऊन सिनेमा बघायचा. मुकादमाचं काम करणाऱ्याला ३६ किंवा ४५ डॉलर मिळत.

छावणीतला दिवस कसा असायचा?

सकाळी सहाला बिगुल. तोंड धुणं, खाट नीट लावणं, न्याहारी, मग आवार झाडून लख्ख करायचं. पावणेआठ-आठच्या सुमारास हत्यारं मोजून घेऊन ट्रकमध्ये बसायचं. दुपारचं खाणं कामाच्या जागीच, बहुतेकदा सँडविच आणि कॉफी. चारच्या सुमारास परत, अंघोळ, स्वच्छ गणवेश, झेंडा उतरवणं, आणि मग गरम जेवण. दहाला दिवे बंद. आठवड्याला चाळीस तास काम.

एका छावणीत साधारण २०० जण. सुरुवातीला तंबू, नंतर लाकडी बराकी. एकेका बराकीत चाळीसेक खाटा, मध्ये लाकडाची शेगडी. पहिल्या वर्षांत कपडे मिळाले ते पहिल्या महायुद्धातले उरलेले, कोणाला ढगळ तर कोणाला आखूड. आल्या आल्या देवी आणि विषमज्वराच्या लसी टोचल्या जायच्या.

जेवणाबद्दल वेगळं सांगायला हवं. भरतीला आलेली पुष्कळ पोरं खंगलेली असायची. छावणीत तीन वेळा पोटभर जेवण आणि उघड्यावरची मेहनत मिळाल्यावर काही महिन्यांत त्यांचं वजन चार-पाच किलोंनी वाढल्याचं दिसायचं. साधं वाटेल, पण ज्यांनी उपास काढलेत त्यांना ते साधं वाटलं नाही. १२ ऑगस्ट १९३३ ला रूझवेल्ट स्वतः शेनँडोआतल्या बिग मेडोज छावणीत आले आणि मोकळ्यावर मांडलेल्या लाकडी टेबलापाशी पोरांबरोबर जेवले. त्या दिवशीचा फोटो प्रसिद्ध आहे : पुढे राष्ट्राध्यक्ष आणि मंत्री बसलेत, मागे उन्हाने रापलेली पोरं उभी आहेत.

कामं कोणकोणती झाली?

सगळ्यात मोठं काम वृक्षलागवडीचं. नऊ वर्षांत सुमारे ३०० कोटी झाडं. ती लावायची पद्धत बघण्यासारखी होती. दोघांची जोडी. पहिला टिकाव किंवा लोखंडी पहार घालून जमिनीत फट पाडायचा, दुसरा खांद्यावरच्या ओल्या पोत्यातून रोप काढून मुळं न मुडपता फटीत सोडायचा, आणि टाचेने माती घट्ट दाबून दोघं पुढच्या जागी सरकायचे. ओळीमागून ओळ, दिवसभर. रोपटं इतकं लहान की मागे वळून पाहिलं तर काही केल्याचं दिसायचंही नाही.

वणवे विझवणं हे दुसरं मोठं काम. त्यासाठी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे) काढल्या, टेहळणीचे तीन हजारांहून जास्त मनोरे उभारले, जंगलात टेलिफोनच्या तारा ओढल्या, ट्रक जाईल असे रस्ते काढले.

जिथे शेतजमीन वाहून चालली होती तिथे मृदसंधारण. समतल चर, बांधबंदिस्ती, घळीत दगडाचे नि लाकडाचे नालाबांध. आपल्याकडे पाणलोटाच्या कामावर राबलेल्या माणसाला ते जुने फोटो दाखवले तर एकही शब्द न सांगता त्याला सगळं कळेल.

आणि उद्यानं. अमेरिकेतल्या शेकडो राज्य उद्यानांतल्या पायवाटा, पूल, तंबूंच्या जागा, दगडी निवारे सीसीसीच्या हातचे आहेत. कोलोरॅडोतलं रेड रॉक्सचं खुलं प्रेक्षागृह, जिथे आजही मोठमोठ्या मैफली होतात, तेही या पोरांनीच बांधलं. १९४१ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं.

स्कायलाइन ड्राइव्ह सीसीसीने बांधला, असं ऐकलंय. खरं का?

अर्धं खरं. शेनँडोआच्या माथ्यावरून जाणाऱ्या या १०५ मैलांच्या रस्त्याचं काम १९३१ मध्ये हूवर राष्ट्राध्यक्ष असताना सुरू झालं. डोंगर फोडणं, बोगदा, रस्त्याचा गाभा हे ठेकेदारांनी केलं. सीसीसी आली मे १९३३ मध्ये, स्कायलँड आणि बिग मेडोज इथे. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे उतार घडवले, कठडे रचले, थांबून दरी बघण्याच्या जागा बांधल्या आणि लाखो झाडंझुडपं लावली. म्हणजे रस्ता म्हणून जे आपण चालवतो ते ठेकेदारांचं, आणि ज्यासाठी आपण तिथे जातो त्यातलं पुष्कळसं या पोरांचं.

तिथली चेस्टनटची झाडं परदेशातून आलेल्या बुरशीने आधीच मेली होती. वाळलेले बुंधे म्हणजे वणव्याला सरपण. पोरांनी ते तोडले आणि त्याच लाकडाची कुंपणं, टेबलं केली. बिग मेडोजच्या विश्रामगृहाच्या आत आजही चेस्टनटच्या फळ्या आहेत. ते झाड डोंगरातून जवळजवळ संपलं, त्यामुळे त्या फळ्यांना हात लावताना मला दर वेळी हळहळ वाटते.

तिथे आधी राहणाऱ्या माणसांचं काय झालं?

त्यांना उठवलं. हे सांगितल्याशिवाय शेनँडोआचं वर्णन करूच नये असं माझं मत आहे.

राष्ट्रीय उद्यानासाठी व्हर्जिनिया राज्याने सक्तीच्या भूसंपादनाचा कायदा केला आणि डोंगरात पिढ्यानपिढ्या राहणारी सुमारे ५०० कुटुंबं विस्थापित झाली. ज्यांच्याकडे जमिनीचे कागद होते त्यांना मोबदला मिळाला, कूळ म्हणून राहणाऱ्यांना तोही नाही. डोंगरातले लोक मागास आहेत, त्यांना बाहेर काढणं त्यांच्याच भल्याचं आहे, असा प्रचारही तेव्हा झाला. मोजक्या म्हाताऱ्यांना मरेपर्यंत राहू दिलं. त्यांच्यातली शेवटची आजी १९७९ मध्ये वारली. घरं रिकामी झाल्यावर ती पाडायचं काम सीसीसीच्या पोरांकडे आलं. ती पोरंही गरीबच होती, हुकूम वरून यायचा. पण चूल मोडली गेली ती एका गरिबाच्या हातून दुसऱ्या गरिबाची, आणि हे त्या सुंदर रस्त्याच्या इतिहासात मोठ्या अक्षरांत असायला हवं. धरणात गाव गेलेल्या माणसाला यातलं दुःख समजावून सांगावं लागणार नाही.

कृष्णवर्णीय तरुणांना घेतलं जायचं का?

घेतलं जायचं, पण समान वागणूक मिळाली नाही. कायद्यात वंश, वर्ण किंवा धर्मावरून भेदभाव होणार नाही असं स्पष्ट कलम होतं. ते घालून घेतलं होतं ऑस्कर डी प्रीस्ट यांनी, जे त्या वेळी काँग्रेसमधले एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते. तरी दक्षिणेतल्या काही राज्यांत निवड करणारे अधिकारी कृष्णवर्णीय मुलांची नावंच घेईनात, आणि १९३५ मध्ये फेकनर यांनी देशभर वेगळ्या छावण्यांचा आदेश काढला. दोन लाखांहून जास्त कृष्णवर्णीय तरुण सीसीसीत राबले, बहुतेक वेगळ्या छावण्यांत आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली. गेटिसबर्गसारख्या अगदी थोड्या ठिकाणी कृष्णवर्णीय अधिकारी नेमले गेले. शेनँडोआतही १९३९ मध्ये लुइस माउंटन ही जागा कृष्णवर्णीय पर्यटकांसाठी वेगळी काढली होती.

मूलनिवासी इंडियन लोकांसाठी स्वतंत्र विभाग होता. सुमारे ८५,००० जणांनी त्यात काम केलं, तेही आपल्याच राखीव प्रदेशांत आणि बहुधा घरी राहून.

आणि बायका?

सीसीसीत त्यांना जागाच नव्हती. एलिनॉर रूझवेल्ट यांच्या आग्रहामुळे जून १९३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बेअर माउंटनजवळ बेकार स्त्रियांसाठी कॅम्प टेरा सुरू झाला. पुढे अशा आणखी छावण्या निघाल्या आणि सुमारे ८,५०० स्त्रियांना त्यांचा लाभ मिळाला. ३० लाखांसमोर हा आकडा किती लहान आहे ते दिसतंच. वर्तमानपत्रांनी या छावण्यांची टिंगल केली आणि १९३७ मध्ये त्या बंद झाल्या.

हे लपवून केलेलं लष्करी शिक्षण होतं का?

नाही. बंदूक हाती दिली जात नव्हती, कवायत नव्हती. पण बिगुल, गणवेश, खाटेची तपासणी, रांगेत उभं राहणं हे सगळं लष्करी वळणाचं होतं. १९४१ नंतर यातले पुष्कळ तरुण सैन्यात गेले तेव्हा त्यांना छावणीतलं जगणं नवं नव्हतं, आणि लष्कराच्या राखीव अधिकाऱ्यांनाही माणसं सांभाळायचा सराव झालेला होता.

छावणीत शिकवायचे का?

संध्याकाळी वर्ग चालत. सक्ती नव्हती. मोटार दुरुस्ती, टंकलेखन, गवंडीकाम, सर्वेक्षण असे विषय असत, आणि ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी लिहिणं-वाचणं. हजारो पोरं इथे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने घरी पत्र लिहू लागली. अनेक छावण्या स्वतःचं छोटं वृत्तपत्रही काढत.

अपघात, मृत्यू?

झाले. सगळ्यात दुःखद प्रसंगांपैकी एक ऑगस्ट १९३७ मधला, वायोमिंगच्या शोशोनी राष्ट्रीय वनातला ब्लॅकवॉटरचा वणवा. विजेने लागलेली आग वारा फिरल्यावर अचानक उसळली आणि विझवायला गेलेले १५ जण गेले. त्यांत सीसीसीचे तरुण होते. जिथे पायी पोचायला फार वेळ लागतो तिथे माणसं लवकर कशी पोचवायची, हा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला, आणि काही वर्षांतच विमानातून छत्रीने उतरणारी अग्निशामक पथकं सुरू झाली.

सीसीसीची काही कामं चुकीचीही ठरली का?

हो. दक्षिणेत जमिनीची धूप थांबवायला कुडझू नावाचा पूर्व आशियातला वेल सरकारी प्रोत्साहनाने लावला गेला, आणि लावणाऱ्यांत ही पोरं होती. आज तो वेल झाडं, खांब, पडकी घरं सगळं गिळत पसरतो. डासांचा बंदोबस्त म्हणून पाणथळ जागा निचरून टाकल्या, त्यात पक्ष्यांची ठिकाणं गेली. काही ठिकाणी एकाच जातीची झाडं सरळ रांगांत लावली. तेव्हाच्या काही निसर्गअभ्यासकांनी इशारे दिले होते, पण कामाचा रेटा मोठा होता.

भारताशी याचा काही संबंध आहे का?

एक आहे, आणि तो आपल्या ताटापर्यंत येतो. वनशास्त्र शिकणाऱ्या नॉर्मन बोरलॉग यांनी १९३५ मध्ये शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी सीसीसीत पुढारी म्हणून काम केलं. त्यांच्या हाताखालचे अनेक जण उपाशी होते. पोटात अन्न गेल्यावर माणूस कसा बदलतो ते आपण तिथे पाहिलं आणि त्याची खूण मनावर कायम राहिली, असं त्यांनी पुढे सांगितलं. हेच बोरलॉग मग मेक्सिकोत गव्हाच्या बुटक्या, भरघोस जातींवर काम करत राहिले. १९६० च्या दशकात त्या जाती भारतात आल्या, आणि १९७० मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

सीसीसी बंद का पडली?

युद्धाने. १९३५ च्या उन्हाळ्यात एका वेळी पाच लाखांवर पोरं छावण्यांत होती. १९४० नंतर कारखान्यांत काम मिळू लागलं, सैन्यभरती सुरू झाली, आणि पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्यानंतर काँग्रेसला झाडं लावायला पैसे देणं परवडेना. १९४२ च्या जूनअखेर निधी थांबला. योजना कायमस्वरूपी करावी अशी रूझवेल्ट यांची इच्छा होती, ती काँग्रेसने कधीच मान्य केली नाही.

रिकाम्या छावण्या मात्र वापरात राहिल्या. काहींमध्ये शस्त्र धरायला नकार देणारे युद्धविरोधी तरुण कामाला ठेवले, काहींमध्ये जर्मन युद्धकैदी, आणि काही जपानी वंशाच्या अमेरिकन नागरिकांना डांबण्यासाठी वापरल्या.

आज कॅम्प रूझवेल्टला काय बघायला मिळतं?

मोठं काही उभं नाही. इमारतींचे पाये, माहितीचे फलक, आणि वनखात्याची तंबू ठोकायची छोटी जागा. जाताना खायचं-प्यायचं बरोबर न्या आणि वनखात्याकडे हंगामाची चौकशी करून निघा. मुलं बरोबर असतील तर सकाळी कॅम्प रूझवेल्ट आणि दुपारी बिग मेडोज असा बेत करा. पायांवरून छावणी किती मोठी होती ते कळतं, आणि मग त्यांच्या हातचं काम डोंगरावर दिसतं. बिग मेडोजच्या माहिती केंद्रात विस्थापित कुटुंबांची हकीकतही मांडली आहे, ती वाचल्याशिवाय परतू नका.

आमच्या अमेरिकन सुनेचे पणजोबा सीसीसीत होते म्हणे. त्यांची नोंद मिळेल का?

मिळण्याची चांगली शक्यता आहे. सीसीसीच्या मुलांच्या वैयक्तिक नोंदी सेंट लुइसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या आहेत. मागणी करताना पूर्ण नाव, जन्मतारीख आणि भरती कुठल्या राज्यातून झाली हे लिहा, तुकडीचा क्रमांक माहीत असेल तर तोही. घरात जुनी पेटी असेल तर आधी ती उघडा. सेवामुक्तीच्या कागदावर तुकडी, छावणी, केलेली कामं आणि कितीतरी वेळा वजन-उंचीसुद्धा लिहिलेली असते. छावणीच्या क्रमांकात एनपी असेल तर राष्ट्रीय उद्यान, एसपी असेल तर राज्य उद्यान, एससीएस असेल तर मृदसंधारण. तेवढ्यावरून पणजोबांनी कुठला डोंगर किंवा कुठलं शेत सावरलं ते शोधता येतं.